औंदा गणपती कधी? पंचांगाच्या वादापासून ई-मेलच्या सहीपर्यंत

बोलतोय फोंडाघाटातून. ज्यांनी हा भाग ऐकला त्यांना मागे पत्र्यावरच्या पावसाचा आवाज सतत आला असेल. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे.

आजचा विषय तसा कोरडा वाटेल. एका संस्थेचं कॅलेंडर दुसऱ्या संस्थेला कसं वाचता येतं, आणि आलेली मेल खरंच त्याच माणसाची आहे हे कसं कळतं. पण मी सुरुवात करणार आहे 2012 सालापासून. त्या वर्षी ओळखीच्या एका घरी तात्यांनी विचारलं, "औंदा गणपती कधी आसत रे?" मी म्हटलं, "19 सप्टेंबर." तात्या हसले. त्यांच्याकडे गणपती ऑगस्टमध्येच येऊन गेले होते. ते घर टिळक पंचांग मानणारं. मुंबईतल्या मुलाने मात्र ऑफिसच्या यादीप्रमाणे सप्टेंबरची रजा टाकली होती. बाप आरती करतोय आणि मुलगा दादरला!

हा घोळ कोणाच्या चुकीमुळे झाला नव्हता, दोन्ही पंचांगं आपापल्या नियमाने बरोबर होती. केरो लक्ष्मण छत्रे, मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. त्यांनी शके 1787 म्हणजे 1865 सालापासून नव्या गणिताचं पंचांग सुरू केलं. जुन्या कोष्टकांवरून काढलेली ग्रहणं आकाशाशी जुळेनात, म्हणून हा खटाटोप. पुढे लोकमान्य टिळकांनी हा पक्ष उचलून धरला आणि टिळक पंचांग हे नाव रूढ झालं. पण राशिचक्र सुरू कुठून करायचं? छत्र्यांनी रेवतीचा एक तारा धरला. व्यंकटेश बापूजी केतकरांसारखे तितकेच तयारीचे गणिती चित्रा ताऱ्याच्या बाजूचे. दोन्ही आरंभांत फरक साधारण चार अंशांचा. सूर्य दिवसाला सुमारे एक अंश सरकतो, म्हणून टिळक पंचांगात मकरसंक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते. एवढ्यावर भागलं असतं. पण ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक मास. संक्रांत चार दिवस हलली की एखाद्या वर्षी अधिक मासच दुसरीकडे जातो आणि गणपती महिनाभर सरकतात. 2012 साली नेमकं तेच झालं.

मला या वादात आवडते ती गोष्ट वेगळीच. दोन्ही पक्षांनी आपले नियम लिहून ठेवले, छापले. कोणीही कोष्टकं घेऊन बसावं आणि स्वतः तारीख काढावी. आजच्या भाषेत याला खुलं मानक म्हणतात. फक्त इथे मानकं दोन होती, आणि कोणत्या घरात कोणतं चालतं हे तारखेसोबत कोणी लिहीत नव्हतं.

सरकारने ते एक करून पाहिलं. 1952 साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली. तिचा अहवाल 1955 साली आला, आणि 22 मार्च 1957 हा 1 चैत्र 1879 धरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. गंमत बघा. रोजच्या व्यवहारात ती तारीख कोणी वापरत नाही, आकाशवाणीवर ऐकू येते तेवढीच. पण त्याच समितीने चित्रा पक्षाचं जे गणित ठरवलं ते बहुतेक पंचांगांत रुजलं. आणि घराघरांतल्या भिंतीवर 1973 सालापासून आलं 'कालनिर्णय', आमच्या मालवणात जन्मलेल्या जयंतराव साळगावकरांचं. त्यासाठी कोणाला फतवा काढावा लागला नाही.

आता संगणकाकडे. 1990च्या दशकात प्रत्येक कंपनीचं कॅलेंडर आपल्याच कपाटात कुलूपबंद. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली बैठक दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला कळायची नाही. नोव्हेंबर 1998 मध्ये 'आयकॅलेंडर' नावाचं मानक प्रसिद्ध झालं. लिहिणारे दोघे: लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन. म्हणजे बाजारात एकमेकांसमोर उभ्या असलेल्या कंपन्यांची माणसं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेही याच वर्षी. संबंध काही नाही, पण मला ते साल तसंच लक्षात राहतं.

त्या फाइलमध्ये जादू नाही, साध्या ओळी असतात. इथे सुरू, इथे संपतं, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा. आणि कोणत्या गावाची वेळ, तेही. ही शेवटची ओळ वगळली तर काय होतं ते मी भोगलंय. गावच्या मंडळाच्या ऑनलाइन बैठकीची फाइल मी हाताने बनवली, वेळ लिहिली संध्याकाळी सात, कुठले सात ते लिहिलं नाही. दुबईतला आमचा खजिनदार त्याच्या सातला आला. इथे साडेआठ वाजलेले, बैठक उरकलेली. मुंबईतच 1955 पर्यंत 'बॉम्बे टाइम' चालायचा, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. त्या काळी भेट ठरवताना हा प्रश्न रोज विचारावा लागत असणार.

2015 साली या मानकात इतर कालगणनांची सोय आली. चिनी, हिब्रू, आणि हो, आपली राष्ट्रीय शक दिनदर्शिकासुद्धा! पण गणेश चतुर्थी "दर वर्षी" म्हणून लिहिता येत नाही. मध्यान्हाला चतुर्थी कोणत्या दिवशी आहे हे चंद्रसूर्य बघून ठरतं, आणि त्यासाठी तिथे नियमच नाही.

कॅलेंडरचं आमंत्रण एका संस्थेकडून दुसरीकडे जातं ते बहुतेक वेळा मेलनेच. इथे खरी गोम आहे. मेलची मूळ पद्धत 1982 साली जॉन पोस्टेल यांनी लिहिली, ओळखीच्या लोकांच्या जगासाठी. आपल्याकडे 1980च्या दशकात एस. रमाणी यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या एनसीएसटीने मेलची सुरुवात केली, तेव्हाही वापरणारे मोजकेच संशोधक. लखोट्यावर पाठवणाऱ्याचं नाव काहीही लिहा, पोस्टमन विचारत नाही, तसंच हे.

आमच्याच परिसरातल्या एका छोट्या संस्थेला मालपुरवठादाराच्या नावाने मेल आली: बँक खातं बदललंय, पैसे इथे भरा. नाव तेच, पत्ता तोच. पैसे भरले गेले. महिन्याभराने खऱ्या पुरवठादाराचा तगादा आला तेव्हा कळलं. हिशेब बघणाऱ्या ताई माझ्याकडे मेल घेऊन आल्या होत्या, हात थरथरत होते. मी तपासलं. पत्ता पुरवठादाराचा, पण मेल सुटली होती भलत्याच सर्व्हरवरून. त्याच्या डोमेनवर काहीच बंदोबस्त नव्हता.

बंदोबस्त अस्तित्वात होता, तोही खुला आणि फुकट. 2006 सालचं एसपीएफ: माझ्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची जाहीर यादी. 2007 सालचं डीकेआयएम: पाठवणारा सर्व्हर सही करतो, ती तपासायची किल्ली डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत. आणि डीमार्क: दोन्हींपैकी एकही नावाशी जुळलं नाही तर मेलचं काय करायचं, ती सूचना. मजकूरच मोहोरबंद करणारं पीजीपी तर 1991 पासून आहे. पण समोरच्याची किल्ली खरी त्याचीच हे ठरवणं सामान्य माणसाला जमलं नाही, म्हणून ते मूठभरांपुरतंच राहिलं. माझ्या मते डीकेआयएम टिकलं ते याच कारणाने. त्यात ताईंना काही करावं लागत नाही, जे करायचं ते सर्व्हर चालवणाऱ्याने. फक्त त्याने ते केलं पाहिजे. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने ढिगाने मेल पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलं, तेव्हा कुठे अनेकांना जाग आली.

त्या ताईंच्या संस्थेने आता खातं बदलल्याची मेल आली की जुन्या नंबरवर फोन करायचा असं ठरवलंय. आपल्या डोमेनवर तिन्ही नोंदी घातल्यात. गेलेले पैसे परत आलेले नाहीत.

आणि मंडळाचं कॅलेंडर आता एका लिंकवर आहे, कुठल्याही फोनमध्ये उघडतं. गणपती मात्र मी हातानेच भरतो. नवीन पंचांगं आली की तात्यांकडे बसायचं, दोन्ही शेजारी उघडायची. ज्या वर्षी तारखा वेगळ्या, त्या वर्षी नोंदी दोन, आणि प्रत्येकीपुढे पंचांगाचं नाव.