मदतीनंतरची सेवा : किल्लारी भूकंप आणि विद्यार्थी

दि. ३० सप्टेंबर १९९३ हा दिवस मराठवाडा विसरू शकत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील गावे झोपी गेली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. दगडमातीच्या रुंद भिंती व त्यांवरील मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. किल्लारी, सास्तूर परिसरातील सुमारे ८ हजार जीव गेले आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

पहिल्या पंधरवड्यात मदतीचा महापूर आला. धान्य, कापड, भांडी यांनी भरलेले ट्रक दूरदूरहून आले. महाविद्यालयांतील विद्यार्थीही निघाले. कोणी राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकडीबरोबर गेले, कोणी वर्तमानपत्रातील छायाचित्रे पाहून, तर कोणी केवळ मित्र निघाला म्हणून. आरंभीची प्रेरणा अशी संमिश्र असते आणि त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु देणगीची पावती एका दिवसात फाटते, पुनर्वसनाची खातेवही मात्र वर्षानुवर्षे उघडी राहते. घरे बांधणे, नुकसानीची नोंद घेणे, अनाथ मुलांचे शिक्षण आणि खचलेल्या मनांना उभारी देणे ही कामे ट्रक परत गेल्यावरच सुरू होतात.

जागतिक बँकेच्या साह्याने शासनाने पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. टाटा समाजविज्ञान संस्थेने बाधित गावांची पाहणी केली. घरोघरी बसून कोणाचे काय गेले हे लिहून घेणे, हे काम दिसायला लहान, पण त्याविना पुढचे घर योग्य माणसाला मिळत नाही.

याच काळात १९८५ साली स्थापन झालेल्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. पुढे वाघोली येथे त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. संघटनेचे संस्थापक श्री. शांतिलालजी मुथ्था हे बीड जिल्ह्याचेच सुपुत्र. त्यांची स्वतःची विद्यार्थिदशा वसतिगृहात गेली होती. घरापासून दूर वाढणाऱ्या मुलाला अन्नाइतकीच आपुलकीची भूक असते, हे अशा विद्यार्थ्याला कोणी शिकवावे लागत नाही. विद्यार्थिदशेतील अनुभव पुढे सेवेची प्रेरणा कसा होतो, याचे हे घरचेच उदाहरण होय.

किल्लारीचा अनुभव तेथेच थांबला नाही. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरात हादरले तेव्हा संघटनेने तेथे ३६८ शाळा उभारल्या. लातूर भागातील भूकंपग्रस्त गावांतील महिलाही आपला अनुभव सांगण्यासाठी कच्छमध्ये गेल्या. काल मदत घेणारे हात आज मदत देणारे झाले. दुष्काळ ही तर बीडची नित्याची आपत्ती. २०१३ साली याच जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढला गेला आणि पुढे आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलांसाठीही वाघोलीचे दार उघडले.

विद्यार्थी टिकून राहतो तो कशाने? केवळ दयेने नव्हे. दया लवकर थकते. त्याला नेमून दिलेले काम, ओळखीची झालेली माणसे आणि 'आपण पुन्हा येऊ' असा दिलेला शब्द, या तीन गोष्टी त्याला बांधून ठेवतात. जैन परंपरेत वैयावृत्त्य म्हणजे सेवा ही अंतरंग तपात गणली आहे. तप एका दिवसाचे नसते, त्याला नियम लागतो.

नारायणगडास धाकटी पंढरी म्हणतात. दिंडीत पहिल्या मुक्कामापर्यंत चालणारे पुष्कळ असतात, शेवटपर्यंत चालणारे थोडे. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दात्यांच्या औदार्याची नोंद होईलच, व ती व्हावीही. त्यासोबत समाजातील विद्यार्थ्यांनी एखादे आपद्ग्रस्त गाव वा एखादे मूल वर्षभरासाठी आपले मानले, तर ही पन्नास वर्षांची परंपरा पुढील पिढीच्या हाती सुरक्षित राहील.