ॲक्ट्रेक, खारघर : संशोधन-अनुदान

कर्करोगावरील उपचार, संशोधन व शिक्षण यांसाठीची नवी मुंबईतील संस्था. टाटा स्मारक केंद्राचा भाग. तिचे मूळ परळ येथे १९५२ साली सुरू झालेल्या कर्करोग संशोधन केंद्रात असून विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक. १९६२ पासून कारभार अणुऊर्जा विभागाकडे. २००२ मध्ये खारघरला स्थलांतर. वेतन, इमारती व नित्य खर्च अणुऊर्जा विभागाच्या अनुदानातून भागतो. स्वतंत्र प्रकल्पांसाठी जैवतंत्रज्ञान विभाग, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद इत्यादींकडे प्रस्ताव पाठवावे लागतात. तज्ज्ञांच्या छाननीनंतर ठरावीक मुदतीची मंजुरी मिळते. रक्कम हप्त्यांनी येते. खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय सहसा पुढचा हप्ता सुटत नाही. येथील संशोधनाचे एक उदाहरण : आयआयटी मुंबईच्या सहकार्याने येथे चाचणी झालेल्या कार-टी पेशी उपचारास (रुग्णाच्या प्रतिकारक पेशींत बदल करून त्या कर्करोगाविरुद्ध वापरणे) २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली.