लघुउद्योगांचे शासकीय धोरणातील प्रतिनिधित्व : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मोठ्या उद्योगसमूहाला मंत्रालयाचे दार स्वतः ठोठावता येते; लघुउद्योजकाला मात्र संघटनेचाच आधार घ्यावा लागतो. स्वतंत्र भारतात या घटकाला धोरणनिर्मितीत कितपत स्थान मिळाले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

सल्लागार मंडळ व राखीव सूची :
फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञ पथकाच्या अहवालानंतर 1954 मध्ये लघुउद्योग मंडळ स्थापन झाले. मात्र त्याचे स्वरूप सल्लागाराचे होते. 1967 मध्ये 47 वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यात आले. 1977 च्या औद्योगिक धोरणाने ही सूची सुमारे 180 वरून 500 च्या वर नेली. पुढे 1997 मध्ये आबिद हुसेन समितीने आरक्षण रद्द करण्याची शिफारस केली आणि 2015 मध्ये उरलेल्या 20 वस्तूही वगळल्या गेल्या. शासनाने दिलेले संरक्षण शासनालाच काढून घेता आले. कारण त्यामागे कायम हक्काचे अधिष्ठान नव्हते.

कायद्याची दीर्घ प्रतीक्षा :
ही उणीव जाणणाऱ्यांमध्ये पुण्याच्या मराठा चेंबरचे (स्थापना 1934) संस्थापक ए. आर. भट यांचा उल्लेख करावा लागेल. लघुउद्योगांसाठी कायद्याचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते (1972). तथापि, विलंबित देयकांवरील व्याजाचा मर्यादित कायदा 1993 मध्ये झाला, तर सर्वंकष कायदा 2006 मध्ये, म्हणजे समितीनंतर तब्बल 34 वर्षांनी, आला. या कायद्याने देयकासाठी कमाल 45 दिवसांची मुदत घातली आणि राष्ट्रीय मंडळावर उद्योग संघटनांना 20 जागा दिल्या.

प्रतिनिधित्वाची मर्यादा :
या 20 पैकी सूक्ष्म उद्योगांच्या संघटनांसाठी किमान तीनच जागांची हमी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 73 व्या फेरीनुसार (2015-16) देशातील सुमारे 6.34 कोटी बिगरशेती उद्योगांपैकी 99 टक्क्यांहून अधिक उद्योग सूक्ष्म होते. 2020 आणि 2025 मध्ये वर्गवारीच्या मर्यादा वाढविण्यात आल्याने एकाच छत्राखाली लोहाराचा भाता आणि कोट्यवधींची उलाढाल करणारा कारखाना दोन्ही आले आहेत.

निष्कर्ष :
सल्ल्याकडून हक्काकडे झालेली वाटचाल निःसंशय महत्त्वाची आहे. परंतु ‘लघु’ या शब्दाआड सर्वांत लहान उद्योजकाचा आवाज दबण्याची शक्यता कायम आहे. मंडळातील जागांची विभागणी उद्योगांच्या प्रत्यक्ष संख्येशी सुसंगत झाल्याखेरीज हे प्रतिनिधित्व अपुरेच राहील.