‘आफ्टर’चा फोटो नेमका कधीचा?

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्याच एका उद्योगापासून करतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका स्किन क्लिनिकच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं. तो स्लायडर असतो ना, बोटानं सरकवला की ‘बिफोर’चा चेहरा ‘आफ्टर’ होतो? तो मी लिहिला. धोक्यांची माहिती तळाशी गेली, फिकट करड्या, बारीक अक्षरांत. क्लायंटनं सांगितलं, मी केलं. गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीनं फोन पुढे केला. "दादा, हे बघ. लेझरनं केस काढायचं पॅकेज. अजिबात दुखत नाही म्हणे. घेऊ का?" स्क्रीनवर अगदी तसाच स्लायडर.

‘अजिबात दुखत नाही.’ ही ओळ शंभर वर्षं जुनी आहे, माहितीय?

१८९५ मध्ये रॉन्टगेननं क्ष-किरण शोधले. वर्षभरातच लक्षात आलं, की किरण पडतात तिथले केस गळतात. १८९६ मध्ये व्हिएन्नाच्या डॉ. लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरचे केस काढायला ते वापरले. केस गेले, पण पाठीवर जखम झाली. म्हणजे धोका अगदी सुरुवातीलाच दिसला होता.

तरीही १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या डॉ. अल्बर्ट गायसर यांनी ‘ट्रायको’ नावाची पद्धत बाजारात आणली. अमेरिका आणि कॅनडात तिची सलून्स निघाली. यंत्र चालवणारे बहुतेक डॉक्टर नव्हतेच. बाई यंत्राच्या छोट्या खिडकीसमोर गाल धरून काही मिनिटं बसायची. अशा अनेक फेऱ्या. जाहिरात सांगायची: वेदना नाही, इजा नाही, केस कायमचे गायब.

आता गंमत बघा. ‘वेदना नाही’ हे खरंच होतं! क्ष-किरण अंगावर पडताना काही जाणवत नाही. केसही जायचे. त्या दिवशी ‘आफ्टर’चा फोटो काढला असता तर झकास आला असता. पण पुढे कातडी सुरकुतली, डाग पडले, न भरणाऱ्या जखमा झाल्या. काहींना कित्येक वर्षांनी कॅन्सर झाला. १९२९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननं ट्रायकोवर कडक टीका केली आणि लवकरच तो धंदा बसला. पण ज्या बायका आधीच खिडकीसमोर बसून आल्या होत्या, त्यांच्यासाठी उशीर झाला होता.

आपल्याकडे काय? १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा बघा. ज्या तक्रारींवरच्या औषधांची जाहिरात करायची नाही, त्या यादीत लठ्ठपणा आहे, उंची आहे, स्तनांचा आकारही आहे. थोडक्यात, माणसाला ज्याची लाज वाटते, तिथेच त्याला गाठलं जातं, हे तेव्हाच कळलं होतं. डॉक्टरांसाठीचे २००२ चे नियमही पेशंट ओढायला जाहिरात करू देत नाहीत. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी आहे, अशा साध्या सूचना पेपरात देता येतात. रील्स बघताना हे कुणाला खरं वाटेल?

लेझर म्हणजे क्ष-किरण नव्हे, हे स्पष्ट सांगतो. नीट केलं तर बहुतेकांना त्रास होत नाही. पण आपल्या सावळ्या त्वचेवर सेटिंग चुकलं तर भाजतं, डाग पडतात. म्हणून बहिणीला म्हटलं, पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचार. मशीन कोण चालवणार? काही बिघडलं तर कोण बघणार? आणि हा ‘आफ्टर’चा फोटो किती दिवसांनी काढलाय?

तिनं फोन लावला. पहिल्या प्रश्नाला "आमचा स्टाफ ट्रेन्ड आहे" असं उत्तर आलं. तिसऱ्या प्रश्नाला "मॅम, ऑफर आजच संपतेय." ती आता आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणार आहे.

आणि माझा तो स्लायडर? तो कोड आता माझ्या हातात नाही. कुणाची तरी बहीण आत्ताही तो सरकवत असेल. तुमच्या ओळखीतली असेल, तर तिला हे तीन प्रश्न पाठवा.

भेटू पुढच्या भागात.