चामड्याचा लगाम

काळ्या रानातली हराळी आणि कुंदा काढायचा म्हणजे आमच्याकडं नांगराला सहा-आठ बैल जुंपावे लागत. किर्लोस्करांनी लोखंडी नांगर गावोगाव पोचवला, तरी ओढायला बैलच. आण्णांनी १९६८ साली जुना फोर्डसन मेजर घेतला तो या कुंद्यापायीच. निळं अंग, नारिंगी चाकं, चार सिलिंडर, साधारण चाळीस हॉर्सपॉवर. विलायतेत डॅगनहॅमच्या कारखान्यात १९५२ च्या सुमारास हे मॉडेल निघालं. आमच्या रानात त्यानं वीस वर्षं नांगरट केली, मग गोठ्यामागं गंजत पडला.

मागच्या वर्षी पुतण्यानं तो उभा केला. लायनर, पिस्टन, रंग, सगळं नवं. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं, पण स्लोला बसेना. ॲक्सिलरेटर पार खाली ओढला तरी आपला भणाणतोय. तालुक्याच्या एका मिस्त्रीनं येऊन स्लोचा स्क्रू पिळला. काही फरक नाही. दुसऱ्यानं पंप बदलायला सांगितलं. आत्ताच्या पोरांचा यात दोष नाही. ह्या जातीचा गव्हर्नर त्यांनी बघितलेलाच नसतो.

मग आम्ही तात्यांना आणलं. तात्यांचे वडील गावच्या मोटा शिवायचे. विहिरीवर मोट असेतोवर त्या घराला वर्षभर काम होतं. मोट शिवणं, सोंड बदलणं, चामड्याला तेल पाजणं. त्याबद्दल सुगीला खळ्यावरून बलुतं जायचं. मग ऑइल इंजिनं आली. किर्लोस्करांचा खडकीचा कारखाना १९४६ चा. विसेक वर्षांत आमच्या भागात धावेवर गवत उगवलं. इंजिन आलं म्हणून आम्ही बागायतदार झालो, आणि त्याच इंजिनानं तात्यांच्या घरची चूल मंदावली. गावाच्या इतिहासात पहिली गोष्ट सगळे सांगतात, दुसरी कोण सांगत नाही. तात्या सातवीतून एसटीच्या वर्कशॉपात हेल्पर म्हणून गेले आणि फिटर होऊन रिटायर झाले.

त्यांनी आवाज ऐकला आणि म्हणाले, "ह्यो भुकेला न्हाई, सुटलाय. याचा लगाम तुटलाय."

हा लगाम म्हणजे हवा. पुष्कळ पंपांत गव्हर्नरला फिरती वजनं असतात, ह्या फोर्डसनच्या सिम्स पंपात ती नाहीत. हवा आत जाते त्या नळीत एक फुलपाखरासारखी झडप आहे. ॲक्सिलरेटर ओढला की झडप मिटते, इंजिन हवा ओढायला बघतं, आणि तिथं ओढ तयार होते. ती ओढ एका बारीक पाइपातून पंपाच्या पाठीमागच्या डबीत जाते. डबीत चामड्याचा पडदा. ओढ लागली की पडदा मागं सरकतो आणि डिझेल कमी करतो. ओढ गेली की स्प्रिंग त्याला पुढं ढकलते, डिझेल वाढतं. म्हणजे कुठंही हवा गळाली की इंजिनाला वाटतं, मालकानं पूर्ण रेस दिलीय.

"स्टॉपची दोरी चालती का, ते आधी बघ," तात्या पुतण्याला म्हणाले. "आन एक फळी जवळ ठेव. लईच सुटला तर जाळीकडनं येणारी हवा फळीनं दाबायची. हात लावायचा न्हाई, तळवा ओढून घील." अंगणात पोरं गोळा झाली होती, ती त्यांनी लांब पिटाळली.

पाइपाचे दोन्ही सांधे बघितले, घट्ट होते. झडपेचा दांडा हलवून बघितला, ढिला नव्हता. मॅनिफोल्डचं पॅकिंग नवंच होतं. मग इंजिन बंद करून पाइप पंपाकडून सोडवला. स्टॉपची दांडी पूर्ण मागं ओढून धरली, पाइपाच्या भोकावर अंगठा दाबला आणि दांडी सोडली. पडदा चांगला असला तर ती जागेवर अडून राहायला पाहिजे. ती सरळ पुढं गेली.

डबी उघडली. पडदा पापडासारखा वाळला होता, कडेला बारीक चीर. तात्यांनी तो दोन बोटांत धरून वाकवला, उजेडात धरला.

"कुणीतरी पेट्रोलनं धुतलाय. मोटेला आसं केलं आसतं तर बा नं झोडला आसता मला." तेल पाजून हा पडदा मऊ होईल, पण चीर बुजणार नाही, नवाच पाहिजे, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं.

नवा यायला दोन आठवडे लागले. तात्यांनी तो बसवायच्या आधी बोटांनी चोळून बघितला, स्क्रू वाकडे बसू नयेत म्हणून समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. इंजिन लागलं, चढलं, आणि ॲक्सिलरेटर ओढल्यावर खाली आलं. तेव्हा कुठं त्यांनी मिस्त्रीनं पिळलेला तो स्क्रू हातात घेतला आणि अर्धा अर्धा फेरा देत इंजिन शांत होईपर्यंत सोडत नेला. तापलेल्या इंजिनावरच हे करायचं, थंडीतली रेस खोटी असते.

मजुरी घेतली नाही. आईनं सुपात जोंधळं घालून दिलं, ते मात्र तात्यांनी पिशवीत ओतून घेतलं. चढावर अजून जरा काळा धूर टाकतो. नोझल काढून बघायचे आहेत.