पोर्श ९१४ : एका अव्हेरलेल्या मोटारीची कैफियत

मनुष्याप्रमाणें यंत्रालाही कीर्ति असते आणि अपकीर्तिही असते. आणि मनुष्याप्रमाणेंच पुष्कळदां ती गुणदोषांवर न ठरतां कुळावर ठरते. कोणत्या घरीं जन्म झाला, कोणतें नांव लागलें, पाठीशीं कोण उभें राहिलें, या गोष्टींवरून लोक आपला निकाल आधीं देतात आणि काम कसें केलें हें मागाहून विचारतात. जर्मनींत १९६९ ते १९७६ या काळांत निघालेली ‘पोर्श ९१४’ ही दोन आसनांची लहान मोटार या रीतीचें बोलकें उदाहरण आहे. वेगवान मोटारींचा शौक असणाऱ्यांनीं तिला कित्येक वर्षें ‘गरिबाची पोर्श’ म्हणून हिणविलें. तिच्यावर मुख्य आरोप तीन : ती अस्सल पोर्श नव्हे, ती भरंवशाची नव्हे, आणि तिला मोल नाहीं. या आरोपांची छाननी करावयाची तर प्रथम तिची जन्मकथा पाहिली पाहिजे; कारण तिच्या दुर्दैवाचें बीज तेथेंच आहे.

पोर्श आणि फोक्सवागेन या दोन घराण्यांचा संबंध केवळ व्यापारी नव्हता. फोक्सवागेनची जगप्रसिद्ध ‘बीटल’ मोटार १९३० नंतरच्या दशकांत डॉ. फर्डिनांड पोर्श यांनीं आंखली. त्यांचे चिरंजीव फेरी पोर्श यांनीं १९४८ सालीं ऑस्ट्रियांतील ग्म्युंड या गांवीं स्वतःच्या नांवाची पहिली मोटार उभी केली, तेव्हां तिचें इंजिन व पुष्कळसे सुटे भाग बीटलचेच होते. पुढें दोन्ही कारखाने वाढले, पण घरोबा कायम राहिला. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत दोघांनाही एकाच वेळीं एक उणीव भासूं लागली. पोर्शची ९११ ही मोटार उत्तम खरी, पण महाग. तिची स्वस्त धाकटी बहीण ९१२ हिच्या जागीं दुसरी कोणी तरी हवी होती. इकडे फोक्सवागेनला आपल्या कारमान-घिया या देखण्या पण मंद मोटारीच्या जोडीला खरीखुरी चपळ गाडी पाहिजे होती. तेव्हां फोक्सवागेनचे प्रमुख हाइन्रिख नॉर्डहॉफ आणि फेरी पोर्श यांच्यांत एक समझोता झाला. पोर्शनें मोटार आंखावी. फोक्सवागेननें तींत आपलें चार सिलिंडरांचें इंजिन बसवून ती विकावी. आणि त्याच सांगाड्यांत पोर्शनें आपलें सहा सिलिंडरांचें इंजिन घालून ती आपल्या नांवानें विकावी. हा समझोता तोंडी होता. दोघांच्या शब्दाला वजन होतें, म्हणून कागदाची गरज कोणालाही वाटली नाहीं.

परंतु शब्द देणारा गेला कीं शब्दही पुष्कळदां त्याच्याबरोबर जातो. १२ एप्रिल १९६८ रोजीं नॉर्डहॉफ मृत्यु पावले. त्यांच्या जागीं आलेले कुर्ट लोट्झ यांचा पोर्श घराण्याशीं जुना ऋणानुबंध नव्हता. या मोटारीचे हक्क फोक्सवागेनचे, आणि पोर्शला सांगाडे हवे असतील तर त्यांत साधनसामग्रीच्या खर्चाचाही वांटा तिनें उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. व्यवहाराच्या दृष्टीनें ती अगदींच चुकीची म्हणतां येणार नाहीं. पण परिणाम असा झाला कीं, पोर्शला मिळणारा सांगाडा महाग पडूं लागला आणि सहा सिलिंडरांच्या ९१४ ची किंमत थेट सर्वांत साध्या ९११ च्या जवळ जाऊन पोंचली. थोडे अधिक पैसे टाकले कीं थोरली बहीण मिळते, मग धाकटीला कोण विचारणार ?

अखेर तडजोड म्हणून १९६९ सालीं दोघांनीं निम्म्या निम्म्या भांडवलाची एक विक्रीसंस्था काढली आणि युरोपांत ही मोटार ‘फोक्सवागेन-पोर्श’ अशा जोडनांवानें बाजारांत आली. अमेरिकेंत मात्र तीच मोटार नुसत्या ‘पोर्श’ या नांवानें विकली गेली. जर्मन लोकांनीं जोडनांवाचें संक्षिप्त रूप केलें ‘फोपो’. आणि त्या काळीं पूर्व जर्मनीच्या पोलिसांनाही लोक त्याच नांवानें ओळखत असल्यामुळें थट्टेला आयतेंच निमित्त सांपडलें. दोन घरचा पाहुणा उपाशी ही म्हण या मोटारीला तंतोतंत लागू पडते. फोक्सवागेनच्या गिऱ्हाइकाला ती महाग वाटली आणि पोर्शच्या गिऱ्हाइकाला ती हलकी वाटली.

सप्टेंबर १९६९ मध्यें फ्रँकफर्टच्या मोटार-प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली. तिचें रूप प्रचलित डौलाला सोडून होतें : सपाट पाठ, ठेंगणा बांधा, पुढचें टोंक कोणतें आणि मागचें कोणतें असा प्रश्न पडावा अशी दोन्हीकडे सारखी आकृति. डोक्यावरचें छत काढून मागच्या पेटींत ठेवतां येई, आणि सामानाच्या पेट्या पुढें एक व मागें एक अशा दोन होत्या. परंतु तिचें खरें वैशिष्ट्य डोळ्यांना न दिसणारें होतें. तिचें इंजिन पुढेंही नव्हतें व अगदीं मागेंही नव्हतें. तें आसनांच्या लगत पाठीमागें, मागील आंसाच्या पुढें, म्हणजे जवळजवळ मध्यभागीं होतें.

यांत काय विशेष, असें कोणी विचारील. बैलगाडींत ओझें मागें अधिक झालें तर गाडी उलाळ होते आणि पुढें अधिक झालें तर तें बैलांच्या मानेवर येतें, हें प्रत्येक गाडीवान जाणतो. मोटारीचें तत्त्व याहून फारसें निराळें नाहीं. जड वस्तु टोंकाला असली म्हणजे वळणावर तें टोंक आपल्या ओघानें बाहेर फेकलें जाऊं पाहतें. जुन्या ९११ चें इंजिन मागील आंसाच्याही मागें असल्यामुळें तिच्या चालकाला वळणावर फार जपावें लागे. तेंच ओझें चाकांच्या दोन जोड्यांच्या मधोमध असलें कीं गाडी चटकन वळते आणि चटकन सरळही होते. शर्यतीच्या मोटारींनीं ही रचना त्यापूर्वींच स्वीकारली होती. पण सामान्य ग्राहकासाठीं ती मोठ्या संख्येनें काढण्याचें धाडस कोणी केलें नव्हतें. ९१४ च्या सुमारें १ लाख १९ हजार गाड्या निघाल्या. मध्यभागीं इंजिन असलेली कोणतीही मोटार तोपर्यंत इतक्या संख्येनें निघालेली नव्हती.

आतां पहिला आरोप : ती अस्सल पोर्श नव्हे. चार सिलिंडरांच्या गाडींत फोक्सवागेनच्या ४११ मोटारीचें १.७ लिटरचें, ८० अश्वशक्तीचें, हवेनें थंड होणारें इंजिन होतें हें खरें. पण पोर्शची पहिली मोटारही फोक्सवागेनच्याच इंजिनावर धांवली होती, आणि योगायोग असा कीं, १९४८ च्या त्या पहिल्या गाडींतही इंजिन मध्यभागींच होतें. ज्या कारणासाठीं आजोबांना मान द्यावयाचा त्याच कारणासाठीं नातीला दूषण देणें, याला न्याय म्हणतां येत नाहीं. शिवाय ९१४ ची आंखणी पोर्शच्या अभियंत्यांची, गियरची पेटी ९११ च्या जातीची आणि पुढील चाकांची टांगणीही ९११ वरूनच घेतलेली होती. सुमारें नऊशें किलो वजनाची ती साधी गाडी ताशीं १७७ किलोमीटर जाई. ११० अश्वशक्तीचें सहा सिलिंडरांचें इंजिन असलेली ९१४/६ ताशीं २०० किलोमीटरची मर्यादा ओलांडी. कारखान्यानें आठ सिलिंडरांचें शर्यतीचें इंजिन बसवून अशा दोनच गाड्या तयार केल्या आणि त्यांतली एक फेरी पोर्श यांना १९६९ सालीं त्यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त मिळाली. घरच्या वडीलधाऱ्यांना ती परकी वाटत नव्हती हें यावरून दिसतें.

दुसरा आरोप भरंवशाचा. त्याला पहिलें उत्तर शर्यतींनीं दिलें आहे. जून १९७० मध्यें फ्रान्समधील ल मान्स येथें चोवीस तासांची शर्यत झाली. त्या दिवशीं पावसानें इतका कहर केला कीं, सुटलेल्या ५१ गाड्यांपैकीं अखेरच्या निकालांत जेमतेम ७ गाड्यांची नोंद झाली. त्या सातांत ९१४/६ सहावी होती आणि आपल्या वर्गांत पहिली होती. क्लोद बालो-लेना आणि गी शासॉय हे तिचे चालक. याच शर्यतींत पोर्शच्या ९१७ या बलाढ्य मोटारीनें कारखान्याला तेथील पहिला सर्वंकष विजय मिळवून दिला, आणि त्या जयघोषांत धाकटीचा पराक्रम सहजच बुडून गेला. त्याच वर्षीं न्युर्बुर्गरिंगच्या अवघड वाटेवर ८६ तासांची ‘माराथोन द ला रूत’ झाली; तींत पहिली, दुसरी आणि तिसरी या तिन्ही जागा ९१४/६ गाड्यांनीं पटकाविल्या. साडेतीन दिवस अहोरात्र धांवून पहिल्या तीन जागा घेणाऱ्या यंत्राला ठिसूळ म्हणणें धाडसाचें होईल.

तथापि शर्यतीच्या गाडीमागें कुशल कारागिरांची फौज असते. गृहस्थाच्या दाराशीं उभ्या असलेल्या गाडीची परीक्षा निराळी. तेथें ९१४ मध्यें दोष होते आणि ते झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. गियरची पेटी इंजिनाच्याही मागें असल्यामुळें चालकाच्या हातापासून तिच्यापर्यंत लांबलचक दांडा जाई आणि पहिल्या गाड्यांत गियर नेमका कोठें पडला हें हाताला कळत नसे. १९७३ च्या नमुन्यापासून ही रचना सुधारली. पेट्रोलचा पंप आरंभीं इंजिनाच्या उष्णतेजवळ होता, त्यामुळें उन्हाळ्यांत पेट्रोलाची वाफ होऊन गाडी अडे. तो पंप १९७५ मध्यें पुढें टांकीजवळ नेण्यांत आला. पेट्रोल किती सोडावयाचें तें विजेच्या साह्यानें ठरविणारी बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक योजना तीवर होती. ती योजना वाईट नव्हती, पण काळाच्या पुढें होती. सामान्य मिस्त्रीला ती उमगत नसे, म्हणून तो ती उपटून साधे कार्ब्युरेटर बसवी आणि गाडी नीट चालेना म्हणजे दोष कारखान्याला देई. तेंच चार सिलिंडरांचें इंजिन मोठें होऊन फोक्सवागेनच्या मालवाहू ट्रान्सपोर्टर गाड्यांत वर्षानुवर्षें ओझीं ओढत राहिलें, ही गोष्ट त्याच्या मजबुतीची पुरेशी साक्ष आहे.

एका दोषाला मात्र क्षमा नाहीं, आणि तो म्हणजे गंज. बॅटरी इंजिनाच्या खोलींत उजव्या बाजूस पत्र्याच्या तबकावर बसविलेली होती आणि वरचें झांकण जाळीचें होतें. पावसाचें पाणी आंत शिरे, बॅटरीचें आम्ल त्याबरोबर खालीं निथळे, आणि थेट त्या पोकळ लांब तुळईवर पडे जी गाडीचा कणा होती व जिच्यावर मागील चाकाचा आधार होता. वरून गाडी चकचकीत आणि आंतून कणा पोखरलेला, अशी स्थिति कित्येकींची झाली. अमेरिकेंतील शौकीन त्या जागेला नरकविवर अशा अर्थाचें नांव देतात. आणि जुनी ९१४ घेणाऱ्यानें रंग, इंजिन, आसनें हें सारें सोडून प्रथम तेथेंच डोकावून पाहावें, असा जाणत्यांचा सल्ला असतो.

आतां तिसरा आरोप, मोलाचा. अमेरिकेंत ही गाडी भरपूर खपली. १९७० सालीं ‘मोटर ट्रेंड’ मासिकानें तिला त्या वर्षाची उत्तम परदेशी मोटार म्हणून गौरविलें. सहा सिलिंडरांची ९१४/६ मात्र वर सांगितलेल्या किंमतीच्या कोड्यामुळें मागें पडली आणि सव्वातीन हजारांहून थोड्या अधिक गाड्या निघाल्यावर १९७२ मध्यें बंद झाली. चार सिलिंडरांची गाडी १९७३ पासून दोन लिटरच्या जोरदार इंजिनासह मिळूं लागली आणि जाणत्यांच्या मतें तीच या मालिकेंतील सर्वांत समतोल गाडी होय. १९७६ मध्यें ९१४ चें उत्पादन थांबलें. पण गंमत अशी कीं, तिची जागा घेणारी ९२४ अमेरिकेंत पोंचेपर्यंतची फट भरून काढण्यासाठीं पोर्शनें ९११ च्या सांगाड्यांत ९१४ चेंच दोन लिटरचें इंजिन घालून ‘९१२ ई’ ही गाडी एक वर्ष विकली. जें इंजिन ९१४ मध्यें हलकें ठरलें तेंच थोरलीच्या घरांत चालून गेलें !

यानंतर एक दुष्टचक्र सुरू झालें. नांव खालावलें म्हणून किंमत उतरली. किंमत उतरली म्हणून ती अशांच्या हातीं गेली ज्यांना तिची निगा राखणें परवडत नव्हतें, किंवा तेवढा खर्च करणें शहाणपणाचें वाटत नव्हतें. निगा राहिली नाहीं म्हणून गंज चढला, गंज चढला म्हणून नांव आणखी खालावलें. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किंमतीहून अधिक झाला कीं ती मोडींत जाई. कित्येकींचीं इंजिनें काढून त्यांत शेव्हरलेटचीं आठ सिलिंडरांचीं अवजड इंजिनें कोंबण्यांत आलीं. महाग वस्तूचा मालक तिचे दोष सोसून ती जपतो, स्वस्त वस्तूचा मालक तिचे गुणही वापरून संपवितो. ९१४ च्या अपकीर्तींत तिच्या दोषांपेक्षां तिच्या स्वस्ताईचा वांटा मोठा होता.

काळानें हा हिशेब आतां बराचसा फिरविला आहे. चांगल्या स्थितींतील ९१४/६ साठीं लिलावांत एक लाख डॉलरच्या घरांत रक्कम मोजली गेली आहे. चार सिलिंडरांच्या निरोगी गाड्याही पूर्वींच्या कवडीमोलानें मिळत नाहींत. आणि १९९६ मध्यें पोर्शनें ‘बॉक्स्टर’ काढली, तेव्हां दोन आसनें, मध्यभागीं इंजिन, उघडतां येणारें छत, सामानाच्या दोन पेट्या आणि ९११ हून कमी किंमत, हा ९१४ चाच मनसुबा कारखान्यानें पुन्हां हातीं घेतला. या वेळीं नांव एकच होतें, मालक एकच होता, आणि यश मोठें मिळालें.

तेव्हां निकाल काय द्यावा ? कुळाचा आरोप निराधार ठरतो. भरंवशाचा आरोप गंजापुरता खरा, बाकी पुष्कळसा अनाडी हातांचा. मोलाचा आरोप तर आरोप करणारांनींच निर्माण केलेला. मात्र लिलावांतले आंकडे पाहून तिला आतां थोर म्हणूं लागणें हीही तीच जुनी चूक होईल. कारण पूर्वीं लोकांनीं किंमत पाहून गुण ठरविला आणि आजही ते किंमत पाहूनच गुण ठरवीत असतील, तर त्यांत शिकलें कोण? १९६९ च्या त्या प्रदर्शनांत ती जितकी चांगली होती तितकीच ती पडत्या काळांतही होती आणि तितकीच आजही आहे. बदलली ती पाहणारांची दृष्टि.