पवईहून जुहूला गेलेलं टपाल

1986-87च्या सुमारास पवईच्या आयआयटीतला एक संगणक टेलिफोनच्या लाइनवरून जुहूच्या एका संगणकाशी बोलू लागला. जुहूचा संगणक होता ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’चा, म्हणजे एनसीएसटीचा. मधलं अंतर दहा-बारा किलोमीटरचं. पण घरी फोन यावा म्हणून लोक अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघत असण्याचा तो काळ. त्या काळात पवईत टंकलेलं पत्र कागदाविना जुहूत उमटणं ही मोठी गोष्ट होती. ऑनलाइन कामकाजाची आपल्याकडची गोष्ट लोक सहसा 2020च्या टाळेबंदीपासून सांगू लागतात. मुंबईच्या उपनगरांत ती तीसहून अधिक वर्षं आधी सुरू झाली होती.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीनं 1986 मध्ये ‘एर्नेट’ हे शिक्षण आणि संशोधनासाठीचं जाळं हाती घेतलं. त्यात आठ भागीदार होते : पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, एनसीएसटी आणि खुद्द तो विभाग. एनसीएसटीचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमाणी या जाळ्याच्या शिल्पकारांपैकी एक. 2014 साली त्यांचं नाव ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये नोंदलं गेलं. पण जुहू किंवा पवईच्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल?

सुरुवातीला या जाळ्यावर ईमेलखेरीज दुसरं काहीच नव्हतं, आणि तीही आजच्यासारखी क्षणात पोचणारी नव्हे. यूयूसीपी नावाच्या पद्धतीत पत्रं आधी आपल्याच यंत्रावर साठत. मग ठरल्या वेळी मोडेम पुढच्या यंत्राला फोन लावी, साठलेली पत्रं तिकडे देई, तिकडची घेई आणि फोन ठेवून देई. पुढचं यंत्र तसंच त्याच्या पुढच्या यंत्राला फोन करी. लाइन खरखरली किंवा मध्येच तुटली, की पुन्हा पहिल्यापासून. पत्ता लिहिण्याची तऱ्हाही वेगळीच : वाटेत लागणाऱ्या प्रत्येक यंत्राचं नाव क्रमानं लिहायचं आणि दोन नावांच्या मध्ये उद्गारचिन्ह द्यायचं. पत्र कुठल्या वाटेनं जाणार, हे पाठवणाऱ्यालाच माहीत असावं लागे.

या संथपणामुळे लिहिण्याला शिस्त लागणं अटळ होतं. ‘तो प्रोग्राम चालत नाही’ एवढंच कळवलं, तर ‘कुठला प्रोग्राम?’ हा प्रश्न परत येण्यातच दिवस जायचा. म्हणून यंत्र कोणतं, आज्ञा कोणती दिली, चूक काय दिसली, आपण काय करून पाहिलं, हे सगळं एकाच पत्रात मांडावं लागे. आज दिवसभर ‘हॅलो’, ‘आहात का?’, ‘एक विचारायचं होतं’ असे तुटक निरोप धाडणाऱ्या कचेऱ्यांनी ही सवय मुद्दाम उचलावी अशी आहे.

पुढे वेग वाढला. दिल्ली-मुंबई अशी 9.6 केबीपीएसची पहिली लीज्ड लाइन जानेवारी 1991 मध्ये आली. 1992 मध्ये जुहूहून अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यापर्यंत 64 केबीपीएसचा दुवा जोडला गेला. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं झालं ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमच्या सेवेमुळे. तोवर पवईच्या प्राध्यापकांना परदेशी सहकाऱ्याला मसुदा पाठवून त्याच्या दुरुस्त्या मागवण्याची सवय होऊन गेली होती.

आयआयटीतले संगणकशास्त्राचे प्राध्यापक दीपक फाटक यांनी नंतर असं दूर बसून एकत्र काम करण्याच्या कल्पनेला देशभराचं रूप दिलं. 2009 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून अभियांत्रिकी शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या. व्याख्यानं थेट पवईहून प्रसारित व्हायची आणि एका वेळी हजारभर शिक्षक आपापल्या भागातल्या केंद्रांत बसून ती ऐकायचे, प्रश्न विचारायचे. त्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची होती. मुख्य कार्यशाळेच्या आधी प्रत्येक केंद्राचा समन्वयक पवईला प्रत्यक्ष येऊन तयारी करून जाई. प्रयोग आणि सराव त्याच्या देखरेखीखाली त्याच्याच केंद्रात व्हायचे. पडद्यावरचा माणूस शिकवणार आणि शेजारचा माणूस अडचण सोडवणार, अशी ही वाटणी होती.

याच आयआयटीतले रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातही असाच शहाणपणाचा एक नियम आहे. सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या छोट्या ध्वनिचित्रफिती तिथे बनतात आणि त्यांचा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत भरला जातो. पण चित्रफितीची संहिता रेकॉर्ड होण्याआधी त्या विषयात अगदी नवख्या असलेल्या माणसाला दिली जाते. त्यानं ती वाचून सांगितलेल्या पायऱ्या करून पाहायच्या. तो अडखळला, तर संहिता बदलायची! जाणकारानं नवख्याला इतकं मानाचं स्थान दिलेलं आपल्या कार्यालयांत क्वचितच आढळतं.

जून 2020 मध्ये पुढचं सत्र संपूर्ण ऑनलाइन घेण्याचा निर्णय मुंबई आयआयटीनं जाहीर केला, तेव्हा असा निर्णय घेणाऱ्या देशातल्या पहिल्या मोठ्या संस्थांत ती होती. 23 ऑगस्टच्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांनी आपल्या आभासी प्रतिमांमार्फत पदव्या स्वीकारल्या. या घटनेच्या बातम्या सर्वत्र झळकल्या. मोडेमच्या त्या पहिल्या फोनच्या वाट्याला एवढी प्रसिद्धी आली नाही.

त्या दिवसांत लाइन जोडणारे, रात्री यंत्रांवर लक्ष ठेवणारे तंत्रज्ञ आणि तेव्हाचे विद्यार्थी आता वयोवृद्ध होत चालले आहेत. त्यांतली मराठी मंडळी मुंबई-पुण्यात, ठाण्यात आणि परदेशातही आहेत. ज्यांच्या घरात अशी कुणी व्यक्ती असेल त्यांनी तिच्या आठवणी आजच ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि जुन्या फ्लॉपी, छापून ठेवलेली पत्रं रद्दीत टाकू नयेत.